सोमा नोमाओई : घराण्यांनी राखलेली घोडदौड

जपानमध्ये सामुराईंच्या नावाने भरणाऱ्या उत्सवांना तोटा नाही. कोफू शहरात सोळाव्या शतकातील सरदार ताकेदा शिंगेन याच्या स्मरणार्थ निघणाऱ्या मिरवणुकीत 2012 साली 1,061 चिलखतधारी एकत्र आले आणि सामुराई वेशातील सर्वांत मोठा मेळावा म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झाली. ओदावारा येथे 3 मे रोजी होजो घराण्याच्या पाच पिढ्यांची मिरवणूक निघते, तर क्योतोमध्ये 1895 पासून दर 22 ऑक्टोबरला जिदाई मात्सुरीत वेगवेगळ्या कालखंडांतील पोशाख रस्त्यावर उतरतात. हे सारे देखणे असते, त्यामागची मेहनतही मोठी असते आणि परदेशी पाहुण्याला चिलखत चढवून चार पावले चालण्याची संधीही पुष्कळ ठिकाणी मिळते. मात्र यांपैकी बहुतेक उत्सवांत संध्याकाळी चिलखत परत केले की माणूस पुन्हा बँकेतला कारकून किंवा महाविद्यालयातला विद्यार्थी होतो, आणि पुढच्या वर्षी त्या जागी दुसरा कोणी उभा राहिला तरी काही बिघडत नाही. फुकुशिमा प्रांताच्या किनारपट्टीवर भरणारा सोमा नोमाओई (नोमाओई म्हणजे रानटी घोड्यांचा पाठलाग) हा उत्सव मला वेगळा वाटतो तो याच कारणाने, कारण तिथे कोणी कोणत्या निशाणाखाली, कोणाच्या हुकमतीत स्वार व्हायचे हे आधीच ठरलेले असते.

नोकरीनिमित्त मी सेंदाई शहरात राहतो. तेथून जोबान मार्गावरील गाडी समुद्राच्या कडेने दक्षिणेला निघते आणि साधारण दीड तासात मिनामिसोमा शहराच्या हारानोमाची स्थानकावर पोहोचवते. मे महिन्याच्या अखेरच्या शनिवार-रविवारी याच गाडीत कॅमेरे आणि उन्हाच्या टोप्या घेतलेल्या लोकांची गर्दी असते आणि स्थानकाबाहेर पडताच घोड्यांच्या लिदीचा वास येऊ लागतो. जपानी शहरांच्या स्वच्छतेला सरावलेल्या नाकाला तो वास फार जाणवतो. मला तर तो चक्क गावाकडचा वाटला. (ज्या सेंदाईत मी राहतो, त्या शहराचे दाते घराणे हे सोमा घराण्याचे जुने वैरी. दोघांमध्ये अनेक वर्षे लढाया चालल्या होत्या, हे इथे येताना लक्षात असलेले बरे.)

उत्सवाचा उगम दहाव्या शतकातील ताइरा नो मासाकादो या योद्ध्यापर्यंत नेला जातो. आजच्या चिबा प्रांताच्या परिसरातील माळरानावर त्याने रानटी घोडे सोडले, त्यांना शत्रू मानून स्वारांकडून त्यांचा पाठलाग करवला आणि पकडलेला घोडा देवाला अर्पण केला, अशी परंपरागत कथा आहे. सोमा घराणे स्वतःला मासाकादोचे वंशज मानते. कामाकुरा काळात, म्हणजे बाराव्या ते चौदाव्या शतकात, अशा लष्करी सरावांवर निर्बंध आले, तेव्हाही हा देवाचा विधी आहे असे सांगून तो चालू ठेवला गेला, असे म्हणतात. 1323 साली हे घराणे उत्तरेला मुत्सु प्रांतात, म्हणजे आजच्या फुकुशिमाच्या या किनारपट्टीवर, येऊन स्थिरावले आणि आपले दैवत व आपला हा विधी दोन्ही सोबत घेऊन आले. त्यानंतर 1871 मध्ये मेइजी सरकारने संस्थाने खालसा करेपर्यंत, म्हणजे पाच शतकांहून अधिक काळ, सोमा घराणे त्याच भूमीवर राज्य करत राहिले. शोगुनशाहीत, म्हणजे शोगुन या लष्करी शासकांच्या राजवटीत, सरदारांना एका मुलखातून उचलून दुसऱ्या मुलखात नेऊन बसवणे ही नित्याची गोष्ट होती. त्यामुळे इतका काळ एका जागी टिकलेली घराणी जपानमध्ये मोजकीच सापडतात. 1876 च्या आदेशाने सामुराईंच्या कमरेची तलवारही गेली, परंतु नोमाओई हा देवस्थानाचा विधी असल्याने तो मात्र मागे राहिला. 1978 साली त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या अमूर्त लोकसांस्कृतिक ठेव्याचा दर्जा मिळाला.

जुन्या संस्थानाचे पाच विभाग, ज्यांना गो म्हणतात, ते आजही उत्सवापुरते जिवंत आहेत. उदा-गो आणि किता-गो यांचे स्वार सोमा नाकामुरा देवस्थानातून निघतात, नाका-नो-गोचे सोमा ओता देवस्थानातून, आणि ओदाका-गो व शिनेहा-गो यांचे सोमा ओदाका देवस्थानातून. प्रत्येक स्वाराच्या पाठीवर उंच निशाण असते आणि त्यावरचे चिन्ह त्याच्या घराचे असते. कोणाचे निशाण कोणते हे सर्वांना ठाऊक असते. सर्वांच्या वर सोमा घराण्यातील व्यक्ती सरसेनापती म्हणून असते आणि तिच्या खाली सैन्यातील पदांची उतरंड नेमून दिलेली असते. मराठी वाचकाला हे समजावून सांगताना मला वारीतले रिंगण आठवते. माउलींचा अश्व अंकलीच्या शितोळे सरकारांकडूनच यायचा. दुसऱ्या कोणी कितीही उमदा घोडा आणला तरी तो मान त्याचा होत नाही. सोमामध्ये असे मानकरी शेकड्यांनी आहेत, एवढाच काय तो फरक.

पहिल्या दिवशी तिन्ही देवस्थानांत प्रस्थानाचा विधी होतो, शंख फुंकले जातात आणि सारी पथके हिबारिगाहारा या मैदानाकडे निघतात. दुपारी तिथे चिलखताऐवजी बिनबाह्यांचा रणांगणी डगला घालून आणि डोक्याला पांढरी पट्टी बांधून शर्यती होतात. बहुतेक पर्यटक हा दिवस टाळतात आणि रविवारी येतात. त्यांचा हिशेब समजण्यासारखा असला, तरी शनिवारी मैदानाच्या कडेला उभे राहून स्वारांची आपापसांतली बोलणी निवांत ऐकता येतात, ती रविवारच्या गर्दीत ऐकू येत नाहीत.

रविवारी सकाळी शहराच्या रस्त्यावरून सुमारे 3 किलोमीटरची मिरवणूक मैदानाकडे जाते. चांगल्या वर्षी तिच्यात चारशेच्या आसपास घोडेस्वार असतात. ही मिरवणूक म्हणजे कूच करणारे सैन्य आहे, अशी सर्वांची समजूत असते आणि वागणेही तसेच असते. तिच्यासमोरून रस्ता ओलांडायचा नाही, वरच्या मजल्यावरून तिच्याकडे पाहायचे नाही, आणि कोणी हे नियम मोडले तर घोड्यावरून दरडावणी येते. मधूनच एखादा स्वार रांग सोडून दौडत पुढे जातो, वरिष्ठासमोर घोडा थांबवतो, आपले नाव व पद सांगतो आणि जुन्या लष्करी जपानीत खड्या आवाजात निरोप देतो. वरिष्ठ त्याच भाषेत उत्तर देतो, 'कामगिरी चोख झाली' अशा अर्थाचे काहीतरी म्हणतो आणि स्वार परततो. निरोप नीट दिला गेला नाही तर तो सर्वांदेखत पुन्हा द्यावा लागतो. एका तरुण स्वाराला एका पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांनी घोड्यावर बसण्याच्या ढबीवरून असे काही सुनावले, की माझ्या शेजारच्या आजीबाई पदराआड हसाव्यात तशा रुमालाआड हसू लागल्या. तो त्यांचा नातू होता, हे मला नंतर कळले. घोड्यावर मात्र तो कोणाचा नातू नव्हता, आपल्या गोचा एक कनिष्ठ स्वार होता.

दुपारच्या चिलखती शर्यतींत दर फेरीला साधारण दहा स्वार 1,000 मीटरची फेरी धावतात. शिरस्त्राण काढून ठेवलेले, डोक्याला पांढरी पट्टी, अंगावर पूर्ण चिलखत आणि पाठीवर निशाण. टापांचा आवाज अपेक्षित असतो. वाऱ्यात फडफडणाऱ्या निशाणांचा आवाज मात्र त्याहून मोठा असतो आणि तो कोणत्याही चित्रफितीत नीट उतरत नाही. धावणाऱ्या घोड्यांमध्ये शर्यतीच्या मैदानावरून निवृत्त झालेले थरोब्रेड पुष्कळ असतात. मध्ययुगीन जपानी घोडा यांच्याहून बराच बुटका होता, तेव्हा इतिहासाच्या काटेकोर अभ्यासकाला इथे नाक मुरडायला जागा आहे. परंतु वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षी ज्यांचे धावण्याचे दिवस संपतात, अशा घोड्यांना इथे पुढची अनेक वर्षे काम आणि घर मिळते, हे मला त्या काटेकोरपणापेक्षा महत्त्वाचे वाटते.

त्यानंतरचा खेळ म्हणजे दैवी निशाणांची झुंज. आकाशात दारूगोळा उडवला जातो, उंचावर तो फुटतो आणि त्यातून दोन निशाणे हळूहळू तरंगत खाली येऊ लागतात. मैदानावरचे शेकडो स्वार मान वर करून वाऱ्याचा अंदाज घेत घोडे फिरवतात, एकमेकांना रेटतात आणि निशाण टप्प्यात आले की चाबूक उंचावून ते गुंडाळून घेतात. एकंदर चाळीस निशाणे अशी सोडली जातात. ज्याच्या हाती ते लागते तो समोरच्या टेकडीवरच्या नागमोडी चढणीवरून घोडा भरधाव हाकत सेनापतीच्या तळाकडे जातो आणि दोन्ही बाजूंची गर्दी टाळ्यांचा कडकडाट करते. वारा पडलेला असेल तर हा खेळ शक्तीचा असतो, वारा सुटला तर नशिबाचा. धक्काबुक्कीत माणसे खाली पडतात, मोकळा सुटलेला घोडा धावत सुटतो, रुग्णवाहिका कडेला उभीच असते. इतर ठिकाणच्या लुटुपुटूच्या लढायांत सर्व काही बसवलेले असते. इथे पुढच्या क्षणी काय होईल ते निवेदकालाही ठाऊक नसते.

आता 2011 विषयी. 11 मार्चच्या भूकंपानंतर आलेल्या त्सुनामीत मिनामिसोमात सहाशेहून अधिक माणसे गेली. अनेक घोडे लाटेत सापडले, काही तबेल्यांत चाऱ्यापाण्याविना राहिले. फुकुशिमा दाइइची अणुऊर्जा प्रकल्प ज्या ओकुमा आणि फुताबा या गावांत उभा आहे, ती शिनेहा-गोची गावे. ओदाका-गोचा भाग प्रकल्पापासून 20 किलोमीटरच्या आत आला आणि रिकामा करण्यात आला. म्हणजे पाचांपैकी दोन विभागांच्या स्वारांना घरे उरली होती, पण त्यांत जाता येत नव्हते. तरीही त्याच वर्षी जुलैमध्ये सुमारे 80 स्वारांनी लहानशी मिरवणूक काढली आणि पुढच्या वर्षी मैदानावरचे कार्यक्रम पुन्हा सुरू झाले. ओदाकातील स्थलांतराचा आदेश 12 जुलै 2016 रोजी उठला, तर फुताबामध्ये माणसांना राहायला परत येता येण्यासाठी ऑगस्ट 2022 उजाडला. मधल्या काळात दूरच्या गावी भाड्याच्या घरांत विखुरलेली माणसे वर्षातून तीन दिवस आपल्या गोच्या निशाणाखाली जमत राहिली. शेजारी कुठे गेला, कोणाचे आईवडील वारले, कोणी परतायचे ठरवले, हे त्यांना या तीन दिवसांत एकमेकांकडून कळत असे. नगरपालिकेचा नकाशा बदलला, पण स्वारांची यादी तशीच राहिली.

परंपरा म्हणून इथे सगळेच गोठलेले आहे, असे मात्र नाही. हा उत्सव पूर्वी जुलैच्या अखेरीस भरत असे. 2023 च्या उन्हाळ्यात शंभराहून अधिक घोड्यांना उष्म्याचा त्रास झाला आणि दोन घोडे दगावले. तेव्हा चर्चा होऊन 2024 पासून उत्सव मे महिन्याच्या शेवटच्या शनिवार ते सोमवारवर आणण्यात आला. स्त्रियांना स्वार होण्याची परवानगी होती, पण ती वीस वर्षांखालील अविवाहित मुलींपुरती. ही अट 2025 पासून काढून टाकण्यात आली. माझ्या मते हा बदल फार आधीच व्हायला हवा होता, कारण ज्या घरांत मुलगा नाही त्या घरांचे निशाण मुलीच्या लग्नाबरोबर खुंटीला टांगले जात होते, आणि तरुण माणसे शहरांकडे निघून जात असताना असे करणे कोणालाच परवडणारे नव्हते. घोडा वर्षभर सांभाळणे किंवा उत्सवापुरता भाड्याने आणणे, चिलखताची डागडुजी, सरावासाठी पहाटे उठणे, हे सारे ज्या त्या घराने बऱ्याच अंशी आपल्या खिशातून आणि आपल्या झोपेतून करायचे असते.

तिसऱ्या दिवशी, सोमवारी, ओदाका देवस्थानात नोमाकाके होते. जुन्या ओदाका किल्ल्याच्या जागेवर हे देवस्थान आहे. स्वार खोगीर नसलेले घोडे हाकत बांबूच्या कुंपणात आणतात आणि पांढऱ्या वस्त्रांतील माणसे त्यांना नुसत्या हातांनी पकडतात. पहिला पकडलेला घोडा देवाला अर्पण होतो आणि उरलेल्यांचा लिलाव पुकारला जातो. मासाकादोच्या कथेशी थेट नाते सांगणारा विधी हाच आहे, आणि नेमका हाच सर्वांत कमी लोक पाहतात, कारण रविवारी रात्री बहुतेक जण परत गेलेले असतात. जपानमध्ये राहणाऱ्या आणि ही सहल आखू पाहणाऱ्या मराठी वाचकांना म्हणूनच माझे सांगणे आहे की निवास महिनोन्महिने आधी ठरवावा, हारानोमाचीत खोली मिळाली नाही तर सेंदाईत राहून पहाटेची गाडी धरावी, आणि एकच दिवस हाताशी असेल तर रविवार घ्यावा. पण कार्यालयात रजा मिळत असेल तर ती सोमवारसाठी टाकावी आणि ओदाका स्थानकावर उतरून देवस्थानापर्यंत चालत जावे.