गुरुजींची सवायकी

नवोदयची परीक्षा आमच्या अमरावती जिल्ह्याला तशी घरचीच. १९८५-८६ मध्ये देशात प्रयोग म्हणून जी पहिली दोन नवोदय विद्यालयं निघाली, त्यांतलं एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं अमरावतीला. सहावीपासून राहणं, जेवण, शिक्षण सगळं सरकारी खर्चानं. शिवाय किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांना. ही गोष्ट आमच्या आईवडिलांपर्यंत पोचवली ती आमच्या शाळेतल्या गुरुजींनी, घरोघरी जाऊन. परीक्षेसाठी त्यांनी हुशार मुलं वेगळी काढली नाहीत. ज्याला बसायचं त्यानं शाळा सुटल्यावर थांबायचं, एवढी एकच अट.

आकृत्यांचे प्रश्न आम्हाला खेळासारखे वाटायचे आणि भाषेचे उतारे वाचून वाचून जमायला लागले. अडायचं ते अपूर्णांकांपाशी. छेद वेगळे दिसले की अख्खी ओसरी गप्प. गुरुजींनी मात्र छेदापासून सुरुवात केलीच नाही. आजोबांच्या पिढीनंतर वर्गातून ऐकू येईनाशी झालेली पावकी, म्हणजे पाव पटीचा पाढा, त्यांनी आमच्याकडून घोकून घेतली. मग निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे अर्धा, पाऊण, सव्वा आणि दीड पटीचे पाढे. 'सोळा पाऊणे बारा' तोंडात बसलं, की फळ्यावर लिहायचे १६ × ३/४, आणि त्याखाली १६ × ०.७५. म्हटलेलं आणि लिहिलेलं एकच आहे, हे प्रत्येकाच्या ध्यानात आल्याशिवाय पुढचं उदाहरण नाही.

एक अष्टमांशाचा धडा तर मला अजून जसाच्या तसा आठवतो. बाजारात अदपाव शेव घेतली तर किती ग्रॅम? सव्वाशे. म्हणजे किलोचा कितवा भाग? आठवा. मग १/८ म्हणजे ०.१२५, संपलं. त्यांनी आजोबांना विचारून यायला सांगितलं, की रुपयाचा आठवा भाग म्हणजे किती? आजोबा क्षणात म्हणाले, दोन आणे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, रुपयाचे सोळा आण्यांऐवजी शंभर पैसे झाले आणि त्या दोन आण्यांचे झाले साडेबारा पैसे. म्हणजे पुन्हा ०.१२५ रुपये. त्या दिवसापासून ३/८ म्हणजे ०.३७५ आणि ५/८ म्हणजे ०.६२५ हे पाठ करावं लागलं नाही.

मग २/३, ५/८, ३/५, ७/१२ उतरत्या क्रमानं लावा, असे प्रश्न आले. लसावि १२०, त्यावरून अंश ८०, ७५, ७२, ७०. ही रीत सगळ्यांना करावीच लागे. पण त्याआधी गुरुजी विचारत, "यातला अर्ध्यापेक्षा लहान कोण आहे का?" उत्तराचा अंदाज आधी, आकडेमोड नंतर. माझ्या मते त्यांच्या शिकवण्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. ४.८ ÷ ०.१६ दिसलं की मुलं उत्तर ४.८ पेक्षा लहान शोधतात, कारण भागाकारानं संख्या कमीच होते असं मनात बसलेलं असतं. गुरुजी विचारायचे, अर्ध्या भाकरीतून पाव-पाव भाकरीचे तुकडे किती निघतील? दोन. म्हणजे १/२ ÷ १/४ = २, उत्तर दोन्हींपेक्षा मोठं. मग ४८० ÷ १६ करून ३० यायला वेळ लागत नसे, आणि पर्यायांतले ०.३ आणि ३ आपोआप गळून पडत. दशांश चिन्ह एक घर सरकवलेले पर्याय परीक्षेत मुद्दामच दिलेले असतात. त्यांना फसायचं नाही, तर उत्तर साधारण केवढं येणार हे आधी ठाऊक हवं.

आज माझी पुतणी त्याच परीक्षेची तयारी करते आहे. आता दोन तासांत ८० प्रश्न, १०० गुण. त्यांत गणिताचे २० प्रश्न २५ गुणांना. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा गुण. परवा सराव परीक्षेत तिची गणिताची सोळा उत्तरं बरोबर आली आणि ती कागदावर १६ × १.२५ मांडायला बसली. मी म्हटलं, सोळा सव्वे वीस. तिला ते इतकं आवडलं, की रोज संध्याकाळी तिला सवायकी शिकवतो आहे. गुरुजींना फोनवर हे सांगितलं. ते लगेच म्हणाले, "सवायकी नको रे एकदम. आधी पावकी घे."