नंबर प्लेटमागचे बोल्ट: जाडी, लांबी आणि गंज

हार्डवेअरच्या दुकानात ‘नंबर प्लेटचे स्क्रू द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा सेल्फ टॅपिंग (स्वतःच आटे पाडत जाणाऱ्या) स्क्रूंची पुडी हातात पडते. मोटारसायकल-स्कूटरच्या लोखंडी ब्रॅकेटला ते उपयोगाचे नाहीत, तिथे नट-बोल्टच लागतो. जुना बोल्ट नटासकट खिशात टाकून न्या, निम्मा घोळ तिथेच मिटतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट (1 एप्रिल 2019 पासूनच्या गाड्यांना ती कंपनीकडूनच येते) स्नॅप लॉकने बसते आणि ते लॉक तोडल्याशिवाय निघत नाही. तुटलं तर त्या भोकात बोल्ट घालू नका, अधिकृत फिटमेंट सेंटरवरून नवं लॉक बसवून घ्या. आपल्या हातात उरतात ते प्लेटची प्लॅस्टिकची फ्रेम आणि ब्रॅकेट गाडीला धरून ठेवणारे बोल्ट. प्लेट खडखडते ती बहुधा त्यांच्यामुळेच.

दुचाकीवर हा बोल्ट बहुतेकदा सहा एमएमचा असतो आणि त्याला दहाचा पाना लागतो. मेकॅनिक त्यालाच ‘दहाचा बोल्ट’ म्हणतात. दुकानात तेच बोललात तर दहा एमएम जाडीचा बोल्ट मिळू शकतो, म्हणून ‘सहा एमएम, दहाचा पाना’ असं पूर्ण सांगा. आठचा पाना लागत असेल तर बोल्ट पाच एमएमचा.

लांबी अंदाजाने घेऊ नका, बेरीज करा. फ्रेम 3 मिमी, ब्रॅकेटची पट्टी 2, दोन वायसर मिळून 3.2, नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेला) नट 6, आणि नटाबाहेर दोन आटे दिसायला हवेत, त्याचे 2. झाले 16.2. म्हणजे 16 चा बोल्ट थोडक्यासाठी कमी पडतो, नटाबाहेर दोन आटे पुरते येत नाहीत. 20 चा घ्या. ‘असू दे थोडा लांब’ म्हणून 35 चा मात्र नको. मागच्या मडगार्डला आतून आलेलं टोक, खड्ड्यात शॉकअप दबला की टायर कापतं.

साधा नट आणि स्प्रिंग वायसर यांपेक्षा नायलॉक कधीही बरा. नट प्लॅस्टिकला टेकला की पाव फेरा, बस. त्यापुढे आवळलं तर फ्रेमला भोकापासून तडा जातो. फ्रेमच्या बाजूला 18 मिमी रुंदीचा मोठा वायसर टाका, म्हणजे दाब पसरतो. नट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचं थ्रेडलॉकर प्लॅस्टिकजवळ वापरू नका. काही प्लॅस्टिक त्याने ठिसूळ होऊन तडकतं.

कारचं गणित वेगळं. तिथे स्क्रू बऱ्याचदा नायलॉनच्या गिट्टीत (भोकात बसवलेल्या प्लगमध्ये) जातो. गिट्टीतले आटे गेले की लोक जाड स्क्रू ठोकतात आणि गिट्टी फाटते. गिट्टीच बदला, स्वस्त असते. डिकीच्या दारात लांब स्क्रू तर अजिबात नको, आत नंबर प्लेटच्या दिव्याची वायर असते. पत्र्यात नवं भोक पाडावंच लागलं तर कडेला रंग लावा, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो.

गंजाचं म्हणाल तर कोकणात, गोव्यात झिंक चढवलेला बोल्ट एखाद्या पावसाळ्यातच लाल पडतो आणि त्याचे ओघळ पांढऱ्या प्लेटवर उतरतात. 304 ग्रेडचं स्टेनलेस घ्या, अगदी समुद्राजवळ राहत असाल तर 316. खात्रीसाठी चुंबक लावून बघा: घट्ट चिकटला तर तो बोल्ट बहुधा 304 नाही. जरासा ओढला गेला तर चालतं, थंड घडवताना तेवढं चुंबकत्व येतं. स्टेनलेसवर स्टेनलेस नट कोरडा फिरवला तर आटे एकमेकांत रुतून जाम होतात. मग पाना फिरवला की बोल्टच तुटतो. आट्यांना ग्रीसचं बोट फिरवून घ्या आणि नट हळूहळू आवळा. स्टेनलेस बोल्ट ॲल्युमिनियमला टेकत असेल तर मध्ये नायलॉनचा वायसर टाका. नाहीतर खाऱ्या ओलाव्यात भोकाभोवती पांढरी भुकटी जमते आणि ॲल्युमिनियम तिथून खात जातं.