रिटुक्सिमॅब, दादाच्या नसा आणि विमा कंपनीची ‘क्वेरी’

दादाच्या रिटुक्सिमॅब या औषधाच्या क्लेमवर विमा कंपनी परत परत शंका काढायची, त्या क्वेरीचं नाव काढलं की अजून डोकं फिरतं, म्हणून लिहून टाकतोय, कुणाला तरी उपयोग होईल.

दादा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला. हात एवढे थरथरायला लागले की तुटलेला धागा जोडता येईना, चालताना तोल जायचा. सीआयडीपी (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते तो आजार) म्हणून आयव्हीआयजी (शिरेतून देतात ती दात्यांच्या रक्तातली अँटीबॉडीज) दिलं, ढिम्म फरक नाही. मग रक्त तपासलं तर न्यूरोफॅसिन १५५ या नसांमधल्या प्रथिनावर हल्ला करणाऱ्या अँटीबॉडीज निघाल्या.

डॉक्टरांनी कागदावर काढून समजावलं. श्वान पेशी नसेच्या तंतूला गुंडाळून मायलिन म्हणजे नसेवरचं आवरण बनवते, पण नुसतं गुंडाळून भागत नाही, प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना ती तंतूला घट्ट चिकटून राहावी लागते. पेशीकडून न्यूरोफॅसिन १५५, तंतूकडून कॉन्टॅक्टिन आणि कॅस्पर ही प्रथिनं, अशी ती पकड. दादाच्या अँटीबॉडीज नेमक्या तिथंच बसल्या, पकड सुटली आणि संदेश अडकायला लागले. या अँटीबॉडीज बहुतेक आयजीजी४ नावाच्या जातीच्या असतात, त्यामुळे आयव्हीआयजीचा फारसा उपयोग होत नाही, रिटुक्सिमॅबचा होतो.

आणि इथंच गाडी अडली. कंपनीचं उत्तर आलं, हे कॅन्सरचं औषध आहे, पेशंटला कॅन्सर नाही, क्लेम नामंजूर. डॉक्टरांचं पत्र दिलं, परत क्वेरी. रिपोर्ट दिला, परत तीच क्वेरी, फोनवर दरवेळी नवा माणूस आणि दरवेळी पहिल्यापासून सांगायचं, इकडं दादाला शर्टाचं बटण लावता येईना, वहिनी लावून द्यायची आणि तो मान फिरवून उभा राहायचा. मला ते बघवत नव्हतं. शेवटी आयआरडीएआय या विमा नियामकाचा २०१९ चा नियमच काढला, त्यात लिहिलं होतं की इंजेक्शनने दिल्या जाणाऱ्या मोनोक्लोनल अँटीबॉडीचा (रिटुक्सिमॅब त्यातलंच) उपचार पॉलिसीतून सरसकट वगळता येत नाही, मर्यादा घालता येते. ते वाक्य अधोरेखित करून कंपनीच्या तक्रार विभागाला मेल टाकला आणि आयआरडीएआयच्या बीमा भरोसा या तक्रार पोर्टलवर पण तक्रार नोंदवली. तेव्हा कुठं मंजुरी आली. ती आणली याचा मला अभिमान आहे, खोटं कशाला बोलू.

नामंजुरी लेखीच मागा, फोनवरचं काही धरू नका. कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटणारं दिलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, सोलापूरवाल्यांना पुण्याचं ऑफिस, फी लागत नाही.

दादा आता स्वतः बटण लावतो, कामावर अजून गेला नाही.

अन् हो, राहिलंच, रिटुक्सिमॅबच्या आधी हिपॅटायटिस बीची तपासणी लागते, ती आधीच करून फाइलला लावा म्हणजे मंजुरी आल्यावर परत थांबायला नको.