बाविसाव्या आठवड्यातील हृदयतपासणी: माझा अनुभव

जुलैच्या सुरुवातीला रत्नागिरीत केलेल्या विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीच्या अहवालात बाकी सर्व अवयवांपुढे 'सामान्य' असे लिहिलेले होते. केवळ हृदयापुढे, खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याबाबत शंका असल्याने फीटल इको, म्हणजे गर्भातील बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यावी, अशी नोंद होती. अहवाल लिफाफ्यातून हाती पडला, त्या ओळीचा अर्थ मात्र कोणी सांगितला नाही.

दोन आठवड्यांनी कोल्हापूरची वेळ मिळाली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असल्यामुळे सासऱ्यांची नौका मिरकरवाड्याला शाकारून ठेवलेली होती, म्हणून आंबा घाटातून भर पावसात गाडी घेऊन तेच आले. या तपासणीसाठी उपाशी राहावे लागत नाही की लघवी रोखून धरावी लागत नाही. ओळखपत्र मात्र लागते आणि १९९४ च्या कायद्यानुसार, बाळाचे लिंग जाणून घ्यायचे नाही, असे फॉर्म एफवर सही करून द्यावे लागते.

बाळ पाठ वर करून झोपलेले होते. कणा आणि बरगड्या ध्वनिलहरी अडवत असल्याने हृदयावर सावली पडत होती, तेव्हा मला अर्धा तास फिरून यायला सांगण्यात आले. दुसऱ्या खेपेस चित्र उमटले. करवंदाएवढे ते हृदय मिनिटाला १४० ठोक्यांच्या गतीने चालले होते. डॉक्टरांनी आधी जठर आणि हृदय दोन्ही डावीकडे असल्याची खात्री केली, मग चार कप्पे पाहिले आणि शेवटी हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्या एकमेकींना ओलांडून जातात का, हे बराच वेळ तपासले. यंत्राच्या पडद्यावर लाल-निळे रंग दिसू लागल्यावर मला वाटले, लाल म्हणजे शुद्ध रक्त. प्रत्यक्षात प्रोबच्या, म्हणजे पोटावर फिरवायच्या उपकरणाच्या, दिशेने येणारा प्रवाह लाल आणि दूर जाणारा निळा दाखवतात, शुद्ध-अशुद्धतेशी त्याचा संबंध नसतो.

सर्वांत अनपेक्षित गोष्ट यानंतर कळली. गर्भात फुप्फुसे श्वसनाचे काम करीत नाहीत, प्राणवायू वारेतून मिळतो. त्यामुळे रक्ताने फुप्फुसांना वळसा घालावा म्हणून वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक झडपेसारखी खिडकी आणि दोन मोठ्या वाहिन्यांना जोडणारी एक नळी प्रत्येक बाळात उघडीच असते. ही छिद्रे या वयात असलीच पाहिजेत. जन्मानंतर ती बंद होतील की नाही, हे आज कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. आमच्या बाळाच्या खालच्या पडद्यातील सुमारे २ मिलिमीटरची फट मात्र असायला नको होती. गर्भात दोन्ही बाजूंचा दाब जवळजवळ सारखा असल्याने अशा फटीतून फारसे रक्त वाहत नाही, म्हणूनच लहान फटी निसटूनही जातात. स्नायूंच्या भागातील अशा बारीक फटी पुष्कळदा आपोआप बुजतात, हे ऐकेपर्यंत माझा हात यजमानांच्या मनगटावर घट्ट आवळलेला होता.

बाहेर आल्यावर सासऱ्यांनी डॉक्टरांना विचारले, "हे आमच्या फिश फाइंडरसारखंच ना?" डॉक्टर मनापासून हसले आणि होय म्हणाले: मासे शोधणाऱ्या त्या यंत्रासारखाच तोच ध्वनी, तोच प्रतिध्वनी. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो आणि शरीरात सुमारे १५४०. फरक इतकाच की इथली कंपने सेकंदाला काही दशलक्ष असतात, त्यामुळे बारीक तपशील दिसतो, पण फार खोल जाता येत नाही. पुढे माझ्या वाचनात आले की १९५३ मध्ये स्वीडनमधील डॉक्टर एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्झ यांनी हृदयावर हा प्रयोग केला, तेव्हा जहाजाच्या कारखान्यातील धातूचे दोष शोधणाऱ्या यंत्रापासूनच त्यांनी सुरुवात केली होती. सासऱ्यांना त्याचे नवल वाटले नाही. "खूण दिसते," ते म्हणाले, "पण मासा कुठला, ते जाळं वर आल्यावरच."

नोव्हेंबरमध्ये मुलगी झाली. तिसऱ्या दिवशीच्या इकोत ती नळी मिटलेली होती, वरची खिडकी किंचित उघडी होती. डाव्या बाजूचा दाब आता वाढलेला असल्याने खालच्या फटीतून जाणारी रक्ताची बारीक धार मला स्वतःलाही स्पष्ट दिसली. सहाव्या महिन्यात ती फट १ मिलिमीटरवर आली. बाळाचे वजन नीट वाढते आहे, औषध काहीच नाही. पुढची तपासणी पहिल्या वाढदिवसानंतर आहे.