केनेबातलं टोपडं

बाळांच्या मेंदूच्या वाढीवरचं आमचं सगळं संशोधन एका टोपड्यावर चालतं. आतून बारीक दिवे आणि प्रकाश टिपणारे सेन्सर बसवलेलं हे टोपडं पाच महिन्यांच्या बाळाच्या डोक्यावर चढवायचं आणि ते भोकाड पसरायच्या आत मिळेल तेवढं मोजून घ्यायचं. केंब्रिजमध्ये हे काम शांत, मंद उजेडाच्या खोलीत होतं. इथे पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया देशात, केनेबा गावात खोलीबाहेर शेळ्या असतात आणि बाळाबरोबर आई, मावशी, थोरली बहीण अशी अख्खी वरात येते.

गांबिया म्हणजे सेनेगलच्या पोटात नदीच्या दोन्ही काठांनी घुसलेली चिंचोळी पट्टी. ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलने केनेबात 1949 साली बस्तान मांडलं, मुळात इयन मॅकग्रेगर यांच्या मलेरियाच्या अभ्यासासाठी. तेव्हापासून गावातल्या जन्म-मृत्यूंची नोंद ठेवली जातेय. 1950 च्या दशकात इथली जवळपास निम्मी मुलं पाच वर्षांची व्हायच्या आत दगावत. आज चित्र खूप बदललंय. पावसाळा मात्र अजून तसाच आहे. जुलै ते ऑक्टोबर मागच्या पिकाचं धान्य संपत आलेलं, भुईमुगाच्या शेतात राबणं सगळ्यात जास्त आणि मलेरियाही त्याच दिवसांत. या महिन्यांत गरोदर बायकांचं वजन घटतं आणि बाळं लहानखुरी जन्मतात. 1997 मध्ये केनेबाच्या जुन्या नोंदींवरून दिसलं, की भुकेच्या मोसमात जन्मलेल्यांना मोठेपणी अकाली मृत्यूचा धोका कितीतरी पट जास्त होता. माझ्या मराठवाड्यातल्या आजीला यातलं काही समजावून सांगावं लागलं नसतं.

शरीराचं कळलं. मेंदूचं काय? वजनकाट्यावर मेंदू मोजता येत नाही आणि एमआरआयचं धूड खेड्यात नेणार कसं! म्हणून टोपडं. टॉर्चवर तळहात धरला की बोटं लालभडक दिसतात ना, तसाच प्रकाश बाळाच्या पातळ कवटीतून मेंदूच्या वरच्या थरापर्यंत पोचतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथे ऑक्सिजनवालं रक्त वाढतं आणि परत येणाऱ्या प्रकाशात तो फरक दिसतो. केसांमुळे प्रकाश अडतो, पण इथे जन्मानंतर आठवड्याभराने बारसं होतं तेव्हाच जावळ काढतात. आमची मोठीच सोय!

एका चाचणीत बाळाला बाईच्या आवाजातलं तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवतात, केनेबात मँडिंका भाषेत आणि केंब्रिजमध्ये इंग्रजीत. मेंदू हळूहळू कंटाळतो, प्रतिसाद कमी होतो. मग अचानक पुरुषाचा आवाज. केंब्रिजच्या पाच ते आठ महिन्यांच्या बाळांचा मेंदू पुन्हा टवकारला, केनेबातल्या बाळांमध्ये तसं स्पष्ट दिसलं नाही. हे सांगितलं की लोक लगेच म्हणतात, 'म्हणजे कुपोषणामुळे मागे पडली.' मला ही घाई पटत नाही. कुपोषणाचा वाटा असेलही. पण एका वाड्यात चार चुली, वीस माणसं, दिवसभर या कडेवरून त्या कडेवर जाणारं बाळ. त्याला नव्या पुरुषाच्या आवाजाचं अप्रूप ते काय? आईबरोबर फ्लॅटमध्ये एकटं वाढणाऱ्या बाळाला असेल. म्हणून तर मूल पोटात असल्यापासून दोन वर्षांचं होईपर्यंत इथली तीच दोनशेच्या आसपास कुटुंबं पुन्हा पुन्हा तपासली. एका वयाच्या आलेखावर निकाल लावायचा नाही.

गरोदरपणातल्या पोषणाच्या गप्पांत पुण्याचं नाव इथे निघतं तेव्हा कॉलर ताठ होते. 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडातल्या साउथॅम्प्टनची साडेतीन, तरी आपल्या बाळांच्या अंगावरची चरबी तेवढी कमी नव्हती. गरोदरपणी आईला बी-12 जीवनसत्त्व कमी पडलं असेल, तर मूल नऊ वर्षांचं झाल्यावर काही बौद्धिक चाचण्यांत तो फरक दिसला, हेही याच गटाचं काम.

आया सगळीकडे एकच विचारतात, 'माझं बाळ हुशार आहे ना?' केंब्रिजच्या इंजिनिअर बाईने विचारलं आणि केनेबात भुईमूग पेरणाऱ्या बाईनेही. दोघींना उत्तर एकच: एका बाळाबद्दल हे टोपडं काही सांगत नाही, पुष्कळ बाळांची सरासरी घेतली तरच काहीतरी हाती लागतं. कोट्यवधींच्या यंत्रांना जे जमत नाही, ते आपल्याकडे मुलाच्या बोटांचे ठसे घेऊन तासाभरात सांगतात म्हणे, वर मेंदू 'जागा' करून हुशारी वाढवण्याचा दावा करणारा 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चा क्लासही लावून देतात. आई, शेजारच्या काकू नातवाचं नाव तिथे घालणार होत्या ना? फी भरायच्या आत त्यांना एवढा परिच्छेद वाचून दाखव.