ताटात पडेपर्यंतचा हिशेब

किराण्याचं बजेट टाईट झालं की सगळ्यांचा पहिला सल्ला ठरलेला असतो, स्वस्तातलं आणा, ऑफर बघा, मोठं पाकीट घ्या. चुकीचं काही नाही त्यात, पण माझं मत जरा वेगळं आहे आणि घर चालवता चालवता ते जास्तच पक्कं होत चाललंय. वस्तू स्वस्त की महाग हे पाकिटावर बघून कळत नाही, ताटात किती पडलं आणि त्यातलं पोटात किती गेलं यावरून कळतं. भाजीची मोठी जुडी स्वस्तात आणली आणि निम्मी पिवळी पडून फेकली, तर ती दुप्पट भावानेच पडली ना आपल्याला. आणि वर ती निवडण्यात गेलेला वेळ वेगळाच.

अर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली कुटुंबांचे खर्च तपासून एक गोष्ट मांडली होती, उत्पन्न जितकं कमी तितका त्यातला खाण्यावर जाणारा हिस्सा मोठा. आजही अर्थशास्त्रात ती एंगेलचा नियम म्हणून शिकवतात. हात आखडता घेऊन जगणाऱ्या कुणालाही हे शिकवायची गरज नाही म्हणा. भाडं हलत नाही, फी हलत नाही, कर्जाचा हप्ता तर अजिबात हलत नाही, मग महिना ताणला गेला की कात्री लागते ती किराण्याला. मला भीती वाटते ती इथेच, कारण ही कात्री बघता बघता ताटावर येते, म्हणजे घरातलं कुणीतरी (बहुतेक वेळा स्वयंपाक करणारंच) मुकाट्याने कमी जेवायला लागतं. असं होऊ द्यायचं नाही हा माझ्यासाठी बजेटचा पहिला नियम आहे. कापायचं ते वाया जाणं, जेवण नाही.

आणि वाया जाणं काही थोडंथोडकं नसतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये जो अहवाल काढला त्यात २०२२ सालात जगभर दुकानं, हॉटेलं आणि घरं मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेल्याचा अंदाज आहे, साली-बिया-हाडं धरून, आणि त्यातलं साधारण ६० टक्के घराघरांतून. म्हणजे गळती आपल्याच ओट्यावर आणि आपल्याच फ्रीजमध्ये आहे.

म्हणून माझी यादी कागदावर सुरू होत नाही, फ्रीज उघडून सुरू होते. सगळे कप्पे, डबे, फ्रीझर, बटाट्याची टोपली, सगळं बघायचं आणि जे आता संपवायलाच हवं ते पुढच्या कप्प्यात डोळ्यासमोर आणून ठेवायचं. मग त्यातून काय काय जेवणं होतील ते लिहायचं. वस्तू नाही लिहायच्या, जेवणं लिहायची, हा फरक लक्षात घ्या. "कोबी, गाजर, टोमॅटो" अशी यादी केली की त्याचं पुढे काय करायचं हे आठवडाभर रोज नव्याने ठरवावं लागतं आणि दमलेल्या संध्याकाळी कुणाला ते ठरवायचं नसतं. "कोबी घालून भात, उरलेल्या कोबीचं सूप" असं लिहिलं की कोबीचा शेवटचा तुकडासुद्धा कुठे जाणार हे आधीच ठरलेलं असतं. सगळ्या दिवसांचं ठरवू नका मात्र, एखाद-दोन जेवणं मोकळी सोडायची, उरलंसुरलं त्यातच संपतं.

आता माझ्या आवडीचा विषय, कडधान्यं. कमी पैशात पोटभर आणि पौष्टिक खायचं असेल तर वाळलेल्या कडधान्यांच्या जवळपास फार कमी गोष्टी येतात. वाळलेल्या मसुरीत १०० ग्रॅममागे २४-२५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, शिवाय फायबर, लोह आणि फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व. बरोबर भात किंवा गव्हाचं काहीही असलं की अमिनो आम्लांची (प्रोटीन ज्या घटकांचं बनतं ते) जोडीही जमते, त्यातलं लायसिन धान्यात कमी ते डाळीत भरपूर, मेथिओनिन डाळीत कमी ते धान्यात असतं. दोन्ही एकाच घासात हवं असंही नाही, दिवसभरात पोटात गेलं तरी पुरतं.

काबुली चणे घ्या. रात्री भिजवताना पाणी भरपूर घ्यायचं आणि त्यात थोडं मीठ टाकायचं. मिठाने कडधान्य शिजत नाही असं पुष्कळ ठिकाणी ऐकायला मिळतं पण भिजवणीच्या पाण्यातलं मीठ उलट साल मऊ करतं. सकाळी बघाल तर भांडं काठोकाठ भरलेलं असतं, दाणा टम्म फुगलेला, सुरकुत्या गेलेल्या, नखाने दाबला तर दोन फाका सहज होतात, असा झाला की समजायचं नीट भिजला. शिजल्यावर वजन वाळलेल्याच्या दुप्पट-अडीचपट होतं. आंबट मात्र आधी घालायचं नाही, टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर जे काही असेल ते दाणा पूर्ण मऊ झाल्यावरच, नाहीतर गॅस जळत राहतो आणि दाणा कडकच राहतो. तरीही शिजत नसेल तर माल बहुधा जुना आहे, दुकान बदला.

मी एका वेळेला मोठा घाणा शिजवते. प्रेशर कुकरमध्ये आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं त्यामुळे उघड्या भांड्यापेक्षा कितीतरी कमी वेळात काम होतं आणि इंधन वाचतं, बजेटमध्ये इंधनही धरायचं असतं हे लोक विसरतात. शिजलेल्यातले थोडे लगेच वापरायचे, बाकीचे एका जेवणाला लागतील एवढ्या छोट्या डब्यांत त्यांच्याच पाण्यासकट फ्रीझरमध्ये. ते पाणी ओतून देऊ नका, दाटसर असतं, सूपला नाहीतर रश्श्याला मस्त अंग येतं.

राजम्याबद्दल एक गोष्ट गंभीरपणे सांगते. कच्च्या लाल राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचा विषारी घटक असतो, अर्धवट शिजलेले थोडे दाणे खाल्ले तरी जोरदार उलट्या-जुलाब होऊ शकतात. किमान ५ तास भिजवायचा, ते पाणी फेकायचं, आणि ताज्या पाण्यात चांगला खळखळून उकळायचा, निदान १० मिनिटं तरी, त्याहून जास्त उकळला तर उत्तमच, आणि मग पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवायचा. मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा थेट टाकू नका, तिथे तापमान पुरेसं चढत नाही.

भाज्यांचं थोडक्यात. कांदे-बटाटे एकाच टोपलीत ठेवू नका, दोन्ही लवकर खराब होतात. हिरवा पडलेला कडू बटाटा काटकसरीच्या नावाखाली खाऊ नका, त्यात सोलॅनिन नावाचं विष असतं आणि ते शिजवून जात नाही. पालेभाजी ओली ठेवायची नाही, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवली की टिकते. फ्लॉवरचे दांडे, कोबीचा मधला टणक भाग, कोथिंबिरीच्या काड्या, हे सगळं खायचंच असतं, बारीक चिरून सगळ्यात आधी पातेल्यात टाकायचं कारण शिजायला वेळ लागतो. आणि फ्रोझन मटारला नाक मुरडू नका. काढणीनंतर थोड्याच वेळात गोठवलेला असतो, त्यामुळे सत्त्वाच्या बाबतीत बरेच दिवस पडून राहिलेल्या "ताज्या" भाजीपेक्षा कमी नसतो, आणि हवा तेवढाच काढता येतो, वाया शून्य.

ब्रेड बरेच जण फ्रीजमध्ये ठेवतात, खरं तर फ्रीजच्या तापमानालाच तो सगळ्यात लवकर शिळा आणि कोरडा होतो. दोन दिवसांत संपणार असेल तर बाहेर, नाहीतर सरळ फ्रीझरमध्ये, स्लाइस काढून तशीच तव्यावर गरम करायची. शिजवलेल्या भाताचं उलट आहे, तो बाहेर ठेवायचा नाही. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की वाढतात, आणि त्यांनी केलेलं विष नंतर गरम करून जात नाही. उरणार हे दिसत असेल तर पसरट भांड्यात काढून पटकन गार करायचा आणि तासाभरात फ्रीजमध्ये. उरलेलं खाणं ही माझ्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट आहे पण ते नीट सांभाळलेलं असलं तरच, आजारपणाचा खर्च कुठल्याच बजेटात बसत नाही.

तारखांचंही एक बघून ठेवा. "बेस्ट बिफोर" म्हणजे त्या तारखेपर्यंत चव-कुरकुरीतपणा उत्तम, दुसऱ्या दिवशी ते विष होत नाही, वास-रंग बघून ठरवता येतं. "यूज बाय" वेगळं, ते सुरक्षिततेसाठी असतं, तिथे धोका पत्करायचा नाही.

दुकानात मी फक्त एकच गोष्ट नेटाने करते, किलोमागे भाव काढते. मोबाईलवर भागाकार करायला काही सेकंद लागतात. पाकीट तेच, किंमत तीच आणि आतले ग्रॅम कमी, हे हल्ली इतकं होतं की नुसत्या सवयीने उचललेल्या पाकिटावर विश्वास ठेवता येत नाही. मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतंच असं नाही, आणि असलं तरी तेल, दाणे, सुकामेवा, कोंड्यासकट दळलेलं पीठ यांना खवट वास लागतो, संपवण्याची गती बघूनच घ्यावं.

माझी धाकटी बहीण मला नेहमी म्हणते, "ताई, तुझं सगळं बरोबर आहे गं, पण तेच तेच खाऊन कंटाळा येतो." आणि तिचं म्हणणं मी मनावर घेते, कारण बजेट मोडतं ते बहुतेक वेळा कंटाळ्याने, महागाईने नंतर. बेचव जेवण समोर आलं की घरातले हळूच फोन काढतात आणि बाहेरून मागवतात. तर चवीवर कष्ट घ्या, पैसे नाही लागत त्याला. कांदा घ्या. घाईत मोठ्या आचेवर परतला तर कडा करपतात आणि मध्ये कच्चा राहतो. थोडं तेल, चिमूटभर मीठ, मध्यम आच, आधी त्याला पाणी सुटतं, मग काचेसारखा होतो, मग कडेने सोनेरी, बुडाला लागायला लागला की चमचाभर पाणी टाकून खरवडून घ्यायचा, ते तपकिरी खरवडलेलं म्हणजेच चव. असा कांदा त्याच चण्यांत एकदा टोमॅटोबरोबर जातो, एकदा नुसत्या मिरी-लसणाबरोबर भातात, एकदा चणे ठेचून त्यात मिसळून ब्रेडवर, आणि तिन्ही जेवणं वेगळी लागतात. शेवटी गॅस बंद केल्यावर आंबट पिळायचं, मीठ वाढवण्याआधी हे करून बघा, पुष्कळदा मिठाची नाही, आंबटाचीच कमी असते.

आणि दमलेल्या दिवसासाठी एक जेवण कायम घरात राखून ठेवा, पटकन होणारं, सगळ्यांना आवडणारं. आमच्याकडे अंडी आणि फ्रीझरमधला चण्याचा एक डबा असतो. तो वापरला की पुढच्या यादीत सगळ्यात वर तोच.

आठवड्याच्या शेवटी किराण्याच्या पैशातलं जे थोडंफार उरतं ते मी दुसऱ्या खर्चात जाऊ देत नाही, त्यातून टिकणारी एकच वस्तू आणते, कधी तेल, कधी मसाले, कधी तांदूळ, म्हणजे हे सगळं एकाच आठवड्यात संपून अंगावर येत नाही.