स्टिअरिंगला अखेर वाट मिळाली

जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसलं की सगळे अभिनंदन करतात, पण खरी कसोटी तिथून पुढे लागते. आज दिवसभर गाडीखालीच होतो. एग्झॉस्टचा (इंजिनचा धूर बाहेर नेणारा) पाइप आणि स्टिअरिंग शाफ्ट (स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे नेणारा दांडा) यांच्यात जेमतेम करंगळी जाईल एवढी फट. गाडी उभी असताना तेवढी पुरेशी वाटते. पण ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन माउंटिंगच्या रबरावर एका बाजूला कलतं, शिवाय पाइप तापून लांबतो. पोलादी पाइप ५०० अंशांनी तापला तर मीटरमागे साधारण ६ मिलिमीटर वाढतो. मग उरलं काय?

पाइप ठोकून चेपवायचा सल्ला मिळाला होता. मला तो मुळीच पटला नाही. श्वास कोंडायचाच असेल तर नवं इंजिन घालायचं कशाला?

म्हणून शाफ्टचीच वाट बदलली: दोन तुकडे, तीन युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्ट कोनात वळला तरी फिरू देणारे सांधे) आणि मध्ये चॅसिसला पक्कं केलेलं सपोर्ट बेअरिंग. हे बेअरिंग टाळू नका, हात जोडून सांगतो. ते नसेल तर तीन जॉइंटचा शाफ्ट मधेच लचकतो आणि स्टिअरिंगचा भरवसा राहत नाही. पाइप आणि शाफ्टच्या मध्ये पत्र्याची हीट शील्डही लावली, नाहीतर जॉइंटमधलं ग्रीस जळून जातं.

संध्याकाळी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. कुठे अडकलं नाही, कुठे घासलं नाही. इतका आनंद इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हाही झाला नव्हता! आता इंजिन तापवून, लोड देऊन फट पुन्हा मोजायची.